शुक्रवारची दुपार फक्त बायकांसाठी

आमच्या सोलापूरच्या म्युनिसिपालिटीनं चित्रांचं दालन काढलं, तेव्हा निम्म्या गावाला वाटलं की ह्या लोकांना आता उद्योग उरला नाही. उरलेल्या निम्म्याला काहीच वाटलं नाही. दालन म्हणजे तरी काय, कचेरीमागच्या दगडी इमारतीत वरच्या मजल्यावरची एक लांबलचक खोली. चुना दिलेल्या भिंती, मोठ्या खिडक्या आणि खिळ्यांना टांगलेली चित्रं. खाली जन्ममृत्यूच्या नोंदी व्हायच्या आणि वर चित्रं दिसायची, त्यामुळे नोंद करायला आलेला एखादा माणूस चुकून वर यायचा आणि मग पागोटं सावरत उगाच चारदोन चित्रं बघून जायचा.

मी तेव्हा मुलींच्या शाळेत चित्रकला आणि शिवण शिकवत होते. लग्नानंतर थोड्याच दिवसांत माझं कपाळ पांढरं झालं. मग पुण्याला जाऊन शिकले आणि परत येऊन भावाकडं राहिले. भाऊ चांगला, भावजयही वाईट नाही. पण घरात हळदीकुंकू असलं की मी मागच्या दारी नळावर भांडी घासत बसायची. जा असं मला कुणी म्हणत नसे, पण थांब असंही कधी कुणी म्हटलं नाही. माझा स्वभाव पहिल्यापासून तापट, त्यामुळे त्या दिवशी भांडी फार लख्ख निघायची.

दालनाचा कारभार एका कमिटीकडं होता आणि कमिटीचे चेअरमन एक वकील होते. माणूस हौशी. मुलांच्या चित्रांच्या स्पर्धा, मुंबईच्या चित्रकारांची प्रदर्शनं, व्याख्यानं, सगळं करून बघायचे. त्यांच्या डोक्यात आलं की बायकांनीही चित्रं बघावीत. पुरुषांच्या गर्दीत त्या येणार नाहीत, तेव्हा शुक्रवारची दुपार फक्त बायकांसाठी ठेवावी, आणि चित्रं समजावून सांगायला एक शिक्षिका द्यावी. आमच्या हेडमिस्ट्रेस बाईंनी माझं नाव सुचवलं. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! चारचौघींत बसायला मला आजवर कुणी बोलावलं नव्हतं. आता शुक्रवारपुरती ती खोली माझी होती आणि बायका माझ्याकडं येणार होत्या.

कशाच्या येतात! पहिल्या शुक्रवारी मी धुवट पांढरं लुगडं नेसून, प्रत्येक चित्राबद्दल काय सांगायचं ते पाठ करून, दुपारभर खुर्चीत बसले. दोघीतिघी जिन्याखाली आल्या, वर बघितलं, आपसांत काही बोलल्या आणि निघून गेल्या. पुढच्या खेपेला एका प्रोफेसरांचं व्याख्यान ठेवलं. ऐकायला मी, हेडमिस्ट्रेस बाई आणि आम्ही दटावून आणलेल्या शाळेतल्या दोन मुली. प्रोफेसर मात्र हजार माणसं पुढं असल्यासारखे बोलले. मग मॅजिक लँटर्नचा, म्हणजे दिव्याच्या उजेडानं पडद्यावर चित्रं दाखवायचा खेळ ठेवला. त्यासाठी खिडक्या बंद करून अंधार करावा लागतो, हे कळल्यावर बायका म्हणाल्या, दिवसाढवळ्या अंधारात कोण जाऊन बसतंय, आणि तेही बरोबरच होतं म्हणा.

पौष संपत आला तसं चेअरमनसाहेबांनी मला बोलावून घेतलं. फार सभ्यपणानं म्हणाले की एका नाटक मंडळीला तालमीसाठी जागा हवी आहे आणि त्यांची शुक्रवारवर नजर आहे. चालू प्रदर्शन माघ महिनाभर राहील. तोवर बायका आल्या तर ठीक, नाहीतर कमिटीचा नाइलाज आहे. मी हो म्हणून बाहेर आले आणि जिन्यातच रडायला लागले. नाटकवाले माझ्या खोलीत मिशा लावून गदा फिरवणार, हा विचारच मला सहन होईना.

दालनाचा शिपाई म्हातारा मुसलमान होता, बेगम पेठेत राहायचा. त्यानं मला रडताना बघितलं आणि न बघितल्यासारखं करत पाण्याचा तांब्या आणून ठेवला. मग म्हणाला, "बाई, बुलाए बगैर कौन आता जी?" पाटी लावली म्हणजे आमंत्रण झालं का, असं त्याचं म्हणणं. आमच्याकडं जेवायचं असो की बारसं, घरी जाऊन कपाळाला कुंकवाचं बोट लावल्याशिवाय बाई उंबरा ओलांडत नाही, हे त्या बिचाऱ्याला कळत होतं आणि शिकलेल्या कमिटीच्या ध्यानात आलं नव्हतं. माझ्या तरी कुठं आलं होतं!

मी ते हेडमिस्ट्रेस बाईंना सांगितलं. त्या टाळी वाजवून म्हणाल्या, मग दालनातच संक्रांतीचं हळदीकुंकू करू, रथसप्तमीला अजून अवकाश आहे. मी नुसतं त्यांच्या कपाळावरच्या कुंकवाकडं बघितलं. त्यांच्याही मग लक्षात आलं. घरोघर कुंकू घेऊन बोलवायला सवाष्णच लागते, करंडा फिरवायलाही सवाष्णच लागते. त्या चाचरत म्हणाल्या, तुम्ही त्या दिवशी जरा बाजूला बसा, बायका एकदा वर आल्या की मग सगळं तुमचंच आहे. बाई मनानं निर्मळ, पण त्या क्षणी मला त्यांचा असा राग आला की बोलायची सोय नाही. माझ्याच खोलीत, माझ्याच शुक्रवारी, मी बाजूला! पण अडला हरी गाढवाचे पाय धरी. मी म्हटलं, बसते.

त्या स्वतः दोघी शिक्षिकांना घेऊन चार दिवस फिरल्या. पूर्व भागातल्या तेलुगू विणकरांच्या घरी गेल्या, गिरणीच्या चाळींत गेल्या, सात रस्त्याकडच्या वकिलांच्या बंगल्यांतही गेल्या. आणि शुक्रवारी काय वर्णावं! जिना बायकांनी भरून गेला. चपलांचा खाली ढीग पडला, तो राखायला शिपाई बसला. इरकली लुगडी, नथी, काखेत पोरं, गजऱ्यांचा वास. आम्ही खुर्च्या हलवून सतरंज्या टाकल्या होत्या. बायका आल्या आणि ऐसपैस गोल करून बसल्या. गोल करून बसल्या म्हणजे चित्रांकडं पाठ करून बसल्या! भिंतींवर एकाहून एक चित्रं आणि सगळ्याजणी एकमेकींच्या पाटल्या बघताहेत. वाण म्हणून एकेक शिसपेन्सिल दिली, तर ती कुणी अंबाड्यात खोचली, कुणी पोराच्या हातात दिली. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड होत होता.

मी बसले होते पार टोकाला, कोपऱ्यातल्या स्टुलावर. ती जागा मी मुद्दाम निवडली होती, कारण तिथं माझं आवडतं चित्र होतं. काचेच्या चौकटीतलं जलरंगातलं चित्र. अंगणात एक बाई तुरीच्या शेंगा सोलत बसली आहे. अंगावर साधं पांढरं लुगडं, हातात बांगडी नाही, कपाळ मोकळं. उन्हानं तिचे डोळे बारीक झालेत आणि ओठांवर हसू आहे, कुणीतरी आत्ताच काहीतरी मजेचं सांगून गेल्यासारखं. चित्रांत विधवा मी पुष्कळ बघितल्या होत्या. सगळ्या खांबाला टेकून रडणाऱ्या. हसणारी मला ही पहिलीच भेटली होती. दर शुक्रवारी रिकाम्या खोलीत तिचीच मला सोबत होती.

करंडा फिरवून हेडमिस्ट्रेस बाईंचा हात भरून आला, तेव्हा एका विणकराच्या घरच्या थोराड बाईनं तो त्यांच्याकडून मागून घेतला. दिवसभर मागासाठी सुताच्या कांड्या भरणारी ती बाई, हाताला थकवा म्हणून ठाऊक नव्हता. हसत, एकीला तेलुगूत आणि दुसरीला मराठीत चिडवत ती सगळ्यांना हळदीकुंकू लावत माझ्या कोपऱ्यापर्यंत आली. माझ्या कपाळाकडं बघून तिचा हात थांबला. तसा थांबलेला हात मी कितीदा बघितला होता, त्याचं मला नवल नाही. तिनं नजर वळवली आणि ती माझ्या डोक्यावरच्या चित्राकडं गेली. तिथंही मोकळं कपाळ. तिला वाटलं असणार, काढणारा विसरला. एवढ्या सवाष्णींत एकीलाच तसं ठेवणं तिला बरं दिसेना. तिनं बोटानं आधी हळद आणि मग ठसठशीत कुंकू काचेवर, बरोबर त्या बाईच्या कपाळावर लावलं.

ती वाईट बाई नव्हती, तिनं मायेनंच केलं होतं. पण माझं डोकं भडकलं ते भडकलंच. मी ताडकन उठले आणि वर्गात बोलते त्या आवाजात म्हणाले, "तिला कुणी विसरलेलं नाही. तिचा नवरा गेलाय, माझा गेला तसा. आणि ती शेंगा सोलतेय. रडत नाही बसलेली."

हेडमिस्ट्रेस बाईंच्या हातातली गुलाबदाणी तशीच राहिली. मला वाटलं, संपलं. आता ह्या उठतील, घरी जाऊन सांगतील, की त्या खोलीत एक पांढऱ्या कपाळाची हळदीकुंकवात भांडते. आणि शुक्रवार गेला नाटकवाल्यांच्या घशात.

पण बायका उठल्या नाहीत. त्या वळल्या. बसल्या जागी सगळ्यांनी माना फिरवल्या आणि त्या चित्राकडं बघायला लागल्या. दालन उघडल्यापासून तिथल्या एखाद्या चित्राकडं इतक्या बायकांनी बघायची ती पहिलीच वेळ होती. विणकराची बाई तर अगदी जवळ जाऊन उभी राहिली. बराच वेळ बघून तिनं पदराचं टोक घेतलं आणि काचेवरचं कुंकू हलक्या हातानं पुसून टाकलं. मूल झोपलेलं असताना त्याचं तोंड पुसावं तसं. मग मला विचारलं, हिला पोरं हायत का. मी म्हटलं, मला ठाऊक नाही, पण असावीत, एवढ्या शेंगा एकटीसाठी कोण सोलतं. मागून एकजण म्हणाली, सासू असंल. दुसरी म्हणाली, सासू असती तर अशी हसली असती व्हय? आणि सगळी खोली खदखदून हसली.

मग काय विचारता! बायका उठून भिंतींपाशी गेल्या. ह्या घाटावरच्या पोरीचं पुढं काय झालं, हा घोडा कुणाचा, ह्या म्हातारीनं दार का लावून घेतलंय. मी पाठ केलेलं रंगांचं आणि छायाप्रकाशाचं ज्ञान कुणालाच नको होतं. त्यांना हकिगती हव्या होत्या. मी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला धावत होते आणि माझा घसा बसत चालला होता. शेवटी ती विणकराची बाईच वैतागली.

"बाई, तुमी असं कोपऱ्या-कोपऱ्यातनं का बोलायलाय? मधी बसा की. सगळ्यास्नी ऐकू येईल."

आणि तिनं माझ्या दंडाला धरून मला सतरंजीच्या मधोमध बसवलं. कुंकू तिनं मला लावलं नाही. खरं सांगते, मला ते नकोच होतं. मला बसायला जागा हवी होती. तिळगुळाचं ताट फिरत माझ्यापर्यंत आलं, तेव्हा ते दुसरीकडं वळलं नाही. मी मूठ भरून घेतला.

चेअरमनसाहेबांना चपलांच्या ढिगाची बातमी त्याच संध्याकाळी पोचली. ते खूश झाले, पण वकीलच ते. म्हणाले, सणाला गर्दी कुठंही होते, पुढच्या शुक्रवारी काय होतं ते बघू. मला राग आला, आणि त्यांचं खरं आहे हेही कळलं. बायका आल्या त्या हेडमिस्ट्रेस बाईंच्या कुंकवाला मान देऊन. आता ना सण, ना वाण, आणि मी मुद्दामच कुणाच्या घरी कुणाला पाठवलं नाही. आल्या तर आल्या, नाहीतर गदा फिरू दे, असं म्हणून मी बसले.

पुढच्या शुक्रवारी दुपार टळत आली तरी जिन्यावर कुणाचं पाऊल वाजेना. शिपाई दोनदा खाली जाऊन रस्ता बघून आला आणि दोन्ही वेळा परत आपल्या जागी बसला. मी चित्रांवरची धूळ झटकली, खरं तर धूळ नव्हतीच. आणि मग खालून जोडव्यांचा आवाज आला, तेलुगूत कुणीतरी कुणाला तरी रागावलं, आणि विणकराची बाई वर आली. मागं तिच्या गल्लीतल्या बायका, दोघीजणी तर भरायच्या कांड्यांची टोपली बरोबर घेऊनच आलेल्या. त्यांच्यात माझ्यासारखी एक पांढऱ्या कपाळाची होती. ती गेल्या शुक्रवारी आली नव्हती. जिन्याच्या तोंडाशीच ती पदर पुढं ओढून उभी राहिली.

मला भीती वाटली, की ह्यांचा काही गैरसमज झाला असेल आणि खरं कळल्यावर ह्या मागं फिरतील. म्हणून मी आधीच सांगून टाकलं, "आज हळदीकुंकू नाही हं."

विणकराच्या बाईनं मागच्या त्या बाईचा हात धरून तिला आत घेतलं आणि म्हणाली, "म्हाईत हाय की. आज आमी तुमच्याकडं आलोय."