कानडीत गेलेली राणी

आमच्या गल्लीत बायकांना कादंबरी वाचायची असली की त्या माझ्याकडं यायच्या. अणदूरच्या पुढं, कर्नाटकाच्या अंगाला आमचं गाव. तालुक्याला काही कामानं गेले की मी वाचनालयातून पुस्तकं घेऊन यायची, आणि माझं वाचून झालं की जिला आवडेल तिच्या हातात द्यायची. मला राण्यांच्या कादंबऱ्या लागायच्या, नाहीतर पुराणातल्या बायकांच्या. पण त्यातही माझी चाळणी बारीक होती. पुस्तकावर बाईचं चित्र, आणि आत मात्र सगळ्या लढाया नवऱ्याच्या, ती आपली ओवाळायला आणि रडायला, असलं पुस्तक मी कुणाला देत नव्हते. बाईनं काहीतरी ठरवलं पाहिजे आणि तिच्या ठरवण्यानं गोष्ट वळली पाहिजे. शेजारीण नेहमी विचारायची, "लई रडवती का ही?" मी म्हणायची, "रडवत न्हाय. भांडायला शिकवती. ने."

या सगळ्या पुस्तकांचा पहिला मान माझ्या सासूबाईंचा होता. काचबिंदूनं त्यांची नजर गेली त्याला बरीच वर्षं झाली. तेव्हापासून दुपारची जेवणं उरकली, भांडी पालथी पडली की मी त्यांच्या खाटेशेजारी बसून मोठ्यानं वाचायची. त्या भिंतीला टेकून, पदर डोक्यावर घेऊन ऐकायच्या. मधे एक शब्द बोलायच्या नाहीत. मी दम घ्यायला थांबले की म्हणायच्या, "वाच." पुस्तक संपलं की म्हणायच्या, "चांगलं होतं." मला वाटायचं, असं ऐकणारं माणूस नशिबानंच मिळतं.

सासूबाईंचं माहेर अक्कलकोटच्या पलीकडचं. त्यांची बोली कानडी, आणि आमच्या घरात माणसं आपापसांत कानडीच बोलायची. माझं माहेर माकणीचं. तिकडं सगळे मराठीच बोलतात. मला कानडी यायची ती स्वयंपाकघरापुरती. मीठ दे, पाणी आण, ये, बस. बाकी सगळे माझ्याशी मराठीत बोलायचे. मला त्यात काही वेगळं वाटलं नाही कधी.

मग मुलाचं लग्न झालं आणि आळंदकडची सून घरात आली. शिकलेली, कामाला चपळ, बोलायला गोड. तिची बॅग उघडली तर साड्यांखाली पुस्तकं. सगळी कानडी. मला खरंच आनंद झाला. कपाटातला माझा एक कप्पा मी तिला मोकळा करून दिला. ती मराठी चांगलं बोलायची, वाचताना मात्र अडखळायची. मी तिला म्हणाले, "हळूहळू येईल. मी देते तुला एकेक."

एका दुपारी मी गल्लीतल्या बारशाला गेले होते. परत आले तर बाहेरच्या खोलीतून हसण्याचा आवाज येत होता. मी चपला काढायची थांबले. सासूबाई हसत होत्या. ओठांतल्या ओठांत नव्हे, पोट धरून. सून त्यांच्या खाटेवर मांडी घालून बसली होती, हातात तिचं पुस्तक, आणि ती कानडीत वाचत होती. तिनं थांबून पान उलटलं तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "मुंद येनात?"

म्हणजे, पुढं काय झालं. एवढी कानडी मलाही कळत होती.

इतकी वर्षं मी वाचलं, पण "पुढं काय झालं" असं त्यांनी मला कधी विचारलं नव्हतं. मी तशीच मागच्या दारानं आत गेले आणि उगीच धुतलेली भांडी पुन्हा लावत बसले. घरात सवत आल्यासारखं झालं होतं मला. आणि तीही कुणापायी, तर सासूपायी. हसण्यासारखी गोष्ट, पण हसू येत नव्हतं.

संध्याकाळी मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "कसलं गं पुस्तक?"

"एका ऋषीच्या बायकोचं आहे, अत्ती," सून म्हणाली. कानडी रीतीनं ती मला, सासूला, अत्ती म्हणायची आणि सासूबाईंना अज्जी. "ऋषी तपाला निघून जातो, तिला काही न सांगता. ती आश्रम चालवते, गाई राखते, पोरांना शिकवते. लई वर्षांनी तो परत येतो, दाढी वाढलेली, अंगावर तेज. दारात उभा राहतो. तर ती म्हणते, कोण पाहिजे तुम्हाला? अज्जी त्यालाच हसत होत्या." मग उत्साहानं म्हणाली, "तुम्ही वाचाच, अत्ती. तुम्हाला लई आवडंल." आणि लगेच तिच्या लक्षात आलं. "अगं बाई, तुम्हाला आमची अक्षरं येत न्हाईत की."

तिच्या मनात काही नव्हतं, हे मला तेव्हाही कळलं होतं. तरी ते वाक्य मला लागलं. तिनं सांगितलेली कादंबरी माझ्या चाळणीतून सरळ खाली उतरली असती. मी ती आख्ख्या गल्लीला वाचायला लावली असती. आणि ती माझ्याच कपाटात, माझ्याच कप्प्यात होती, आणि मला तिचं नावसुद्धा वाचता येत नव्हतं.

दुसऱ्याच बाजाराला मी वाचनालयात गेले आणि सगळ्यात जाड कादंबरी आणली. राज्य सांभाळणाऱ्या एका विधवा राणीची. दुपारी खाटेशेजारी बसले, चष्मा पुसला. सासूबाई म्हणाल्या, "पोरीचं थोडं राहिलंय बघ. तेवढं होऊ दे. मग तुझं."

तेवढं होता होता दुसरं सुरू झालं. मी स्वयंपाकघरात डाळ निवडायची आणि कान बाहेर ठेवायची. दोघींच्या बोलण्यातलं मधलंच एखादं नाव, एखादा ओळखीचा शब्द कळायचा. सासूबाई मधे बोलायच्या, चिडायच्या, कुणाला तरी शिव्या घालायच्या. पुढंपुढं तर शेजारीणही येऊन बसायला लागली. तिला कानडी येत होती. मला भेटली की आता विचारायची, "आज सूनबाई काय वाचणार हाय गं?" मी म्हणायची, "मला काय म्हाईत." विधवा राणी माझ्या उशाशी तशीच पडून राहिली. ती परत करताना वाचनालयातल्या बाईंनी विचारलं, कशी होती? मी म्हणाले, बरी होती.

एक दिवस सून स्वतःच माझ्याकडं आली. म्हणाली, "अत्ती, गडावरच्या राणीचं ते पुस्तक हाय का तुमच्याकडं? मराठी असलं तरी चालंल. मी सावकाश वाचते."

"कुठली राणी?"

"वेढा पडतो, नवरा आधीच मेलेला असतो, ती. अज्जींनी मला सगळी गोष्ट सांगितली कानडीत. लई भारी सांगितली."

ती कादंबरी माझी फार लाडकी. मी तिची स्वतःची प्रत घेऊन ठेवली होती, आणि सासूबाईंना ती वाचून दाखवली त्यालाही काही वर्षं झाली होती. म्हणजे त्यांनी ती ऐकली होती, लक्षात ठेवली होती, आणि पुढं सांगितलीही होती. मला एकदम बरं वाटलं. मी पुस्तक काढून दिलं. म्हटलं, "हळू वाच. शेवट तर फारच भारी आहे."

सुनेनं खरंच चिकाटीनं वाचलं. अडलं की मला विचारायला यायची. पुस्तक संपलं त्या दिवशी मात्र तोंड पाडून आली. "अत्ती, हे ते पुस्तक न्हाय."

"हेच की."

"यात राणी दरवाजा उघडून लढायला जाती आणि तिथंच मरती. अज्जींच्या गोष्टीत मरत न्हाय. ती मागच्या कड्यानं सगळ्या बायका-पोरांना खाली उतरवती, गडाला आग लावती आणि नदी ओलांडून जाती. शत्रू वर येतो तर नुसती राख. मग ती दुसऱ्या गावात जमीन कसती, नाव बदलून." तिनं पुस्तकाचं शेवटचं पान पुन्हा उलटून बघितलं. "अज्जींचंच चांगलं होतं."

मी पुस्तक तिच्या हातातून घेतलं. माझ्या राणीचा शेवट सासूबाईंनी बदलला होता, आणि तो बदललेला शेवट माझ्या सुनेला माहीत होता. मला नव्हता.

दुपारी सून गोठ्याकडं गेली तशी मी खाटेशेजारी जाऊन बसले. "आत्याबाई, गडावरची राणी मरती का हो शेवटी?"

"तुझ्या पुस्तकात मरती."

"आणि तुमच्या?"

त्या गालात हसल्या. "पोरीनं सांगितलं व्हय."

"मला का न्हाय सांगितलं तुम्ही? तुम्ही तर म्हणाला होता, चांगलं होतं."

"चांगलंच होतं की. राणी दरवाजात पडली तवा तुझा आवाज भरून आला. तू डोळं पुसलेलं मला कळलं. त्यात मी कशाला म्हणू, ही बाई येडी हाय म्हणून?"

"येडी? आत्याबाई, ती शरण गेली न्हाय. एकटी लढली."

"ती लढली. आत बाया होत्या, लेकरं होती. दरवाजा तर तिनंच उघडला. मागं त्यांचं काय झालं, लिवलंय का तुझ्या पुस्तकात?"

मी मनातल्या मनात शेवटची पानं चाळली. नव्हतं लिहिलेलं. ती कादंबरी मी इतक्या बायकांना दिली, पण हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं आणि कुणी विचारलंही नव्हतं.

"मग तवाच का न्हाय भांडला माझ्याशी?" मी म्हणाले. माझा आवाज चढला होता.

त्यांनी हात चाचपडत माझा गुडघा शोधला. "मला मराठीत भांडाया येत न्हाय गं. मराठी माझी बाजारची. भाव विचारायचा, डाक्टरला दुखणं सांगायचं, तुला वाच म्हणायचं. हसणं, भांडणं, शिव्या देणं समदं कानडीत. पोरगी वाचाया लागली की तोंड आपसूक उघडतं. तुझं मी गप ऐकते. पर ऐकते."

त्या एवढं बोलल्या, तरी माझ्या जिवाला थंडावा मिळाला नाही. उलट नवीनच टोचणी लागली. अशा किती राण्या मी त्यांना वाचून दाखवल्या होत्या, आणि त्या प्रत्येकीला या बाईनं मनातल्या मनात कुठं कुठं नेलं असेल? ते सगळं सुनेला मिळणार होतं. मी पुस्तकं आणली, घसा कोरडा केला, आणि पीक दुसरीच्या पदरात.

पण त्यानंतर आम्ही तिघी एकत्र बसायला लागलो. मी मराठी वाचायची, सासूबाई मधेच सुनेकडं तोंड करून कानडीत काहीतरी म्हणायच्या, दोघी खिदळायच्या, आणि मग सून मला मराठीत सांगायची. ते हसू माझ्यापर्यंत पोचेस्तोवर शिळं व्हायचं. मी उगीच हसल्यासारखं करायची. बायकांना पुस्तक देताना मात्र माझं सांगणं बदललं. आता मी सांगायची, "शेवट पटला न्हाय तर येऊन सांग, लाजू नको." शेजारीण म्हणाली, "आता परीक्षा घेतीस व्हय गं?"

सून पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली, तेव्हा एसटीत बसवून देताना माझे डोळे भरून आले. ते खरं होतं. आणि घरी येताना मनात आलं की आता दुपार पुन्हा माझी. तेही तितकंच खरं.

मी पुराणातल्या एका राजकन्येची कादंबरी काढली. वडील तिला न विचारता शब्द देऊन बसतात, आणि ती तो शब्द पाळते, पण आपल्या अटींवर. मी रंगून वाचत होते. सासूबाई गप्प. प्रकरण संपलं तशा त्या कानडीत काहीतरी बोलल्या, चांगलं लांबलचक, आणि मधेच थांबल्या. खोलीत मीच आहे हे त्यांच्या ध्यानात आलं असावं.

"काय म्हणालात?"

"काय न्हाय. वाच."

"न्हाय, सांगा."

त्यांनी मराठीत सुरुवात केली. "त्या पोरीनं आधी बापाला..." पुढचा शब्द त्यांना सापडेना. हवेत हात फिरवला, पुन्हा प्रयत्न केला, आणि वैतागून म्हणाल्या, "जाऊ दे."

मला ते जाऊ द्यायचं नव्हतं. मी फोन काढला आणि सुनेला लावला. माझ्याच हातानं तिला बोलावताना काय वाटलं ते मला ठाऊक. आवाज मोठा करून फोन सासूबाईंच्या तोंडाशी धरला. त्या लगेच सुरू झाल्या. पलीकडून सून हसली, मधे विचारलं, पुन्हा हसली. कितीतरी वेळ दोघींचं चाललं होतं. पुस्तक माझ्या मांडीवर उघडं पडलेलं, आणि मी नुसती फोन धरून.

शेवटी सून म्हणाली, "अत्ती, अज्जी म्हणतात, बापानं दिलेला शब्द बापानंच पाळावा. पोरीनं अटी घातल्या म्हणजे तिनं तो सौदा मान्यच केला. हिच्यात कसला जोर आलाय?"

"सांग त्यांना," मी म्हणाले, "मला पटलं न्हाय. तिला दुसरा रस्ताच ठेवला नव्हता कुणी. जो होता तो तिनं आपल्या बाजूला वळवला. त्याला पण जोर लागतो."

सुनेनं ते कानडीत सांगितलं. सासूबाईंनी ऐकलं. मग फोन हातानं बाजूला सारला, तोंड माझ्याकडं वळवलं आणि त्या मोडक्यातोडक्या मराठीत माझ्याशी भांडायला लागल्या.