अहमदपूरच्या बाकावरची यादी

प्रेमकथा एका ओळीत सांगा, असं पुण्याचा दिग्दर्शक फोनवर म्हणाला, तेव्हा माझं डोकंच फिरलं. मी शाळेत मराठी शिकवतो. मुलांनी एका ओळीत उत्तर लिहिलं की अर्धे गुण कापतो. पण माझी एक एकांकिका त्याला आवडली होती, आणि कधीतरी सिनेमा लिहायला मिळेल या आशेवर मी अर्धं आयुष्य काढलं होतं. रविवारपर्यंत ओळ मिळाली नाही तर तो दुसरा लेखक बघणार होता. मी मुकाट्यानं हो म्हणालो.

पहिल्या ओळीत उदगीरची मुलगी, नांदेडचा मुलगा आणि आडवे आलेले दोन बाप होते. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "सर, या दोघांना एकमेकांपासून लांब नेमकं काय ठेवतंय? बाप सोडून सांगा." दुसऱ्या ओळीत मी जात आणली, तिसरीत गोदावरीला पूर आणला. त्याचा प्रश्न तोच. पुण्याची माणसं अपमानही इतक्या मऊ आवाजात करतात की उलटून बोलायला जागाच राहत नाही.

शनिवारी दुपारी मी कोरा कागद घेऊन बसलो होतो आणि समोर बायको डाळ निवडत होती. तीही शिक्षिका. लग्नानंतरची सात वर्षं ती जळकोटला आणि मी नांदेडला. तिची आई अंथरुणाला खिळलेली, इकडे माझे वडील एकटे. रात्री दोघांनाही आपापल्या घरी परतणं भाग होतं. शनिवारची सकाळची शाळा सुटली की दोघंही एसटी धरायचो आणि मधल्या अहमदपूरच्या स्टँडवर भेटायचो. परतीच्या गाड्या लागेपर्यंत तासभर मिळायचा. रसवंतीजवळचा बाक ठरलेला. त्या तासात काही राहून जाऊ नये म्हणून ती आठवडाभर वहीच्या मागच्या पानावर यादी करायची, काय काय सांगायचं त्याची. एकेक सांगून झालं की त्यावर काट मारायची. टाचण काढून नवऱ्याशी बोलणारी बाई मराठवाड्यात एकच, असं मी तिला चिडवायचो. गाडी लागली की उरलेल्या दोन गोष्टी ती खिडकीतून ओरडून सांगायची आणि अख्खी गाडी ऐकायची.

पुढं दोन्ही घरची म्हातारी माणसं गेली, तिची बदली झाली, नांदेडात घर झालं. आता वेळच वेळ होता आणि बोलणं मात्र आटलं. दूध आलं का, गॅस संपला का, एवढंच. लग्न जुनं झालं की असंच असतं, असं मी धरून चाललो होतो.

त्या दुपारी कंटाळून मी दिग्दर्शकाचा प्रश्न तिच्यापुढं टाकला. दोन माणसांना लांब काय ठेवत असेल?

"एकच घर," ती मान वर न करता म्हणाली.

मी म्हणालो, सिनेमाचं विचारतोय.

"मी बी सिनेमाचंच सांगायलेय."

मग ती उठली, शाळेच्या पिशवीतून वही काढून माझ्यापुढं ठेवली. मागून सुरू झालेली यादी बरीच पानं पुढं आली होती. बदली झाल्यापासूनची. चौथीतली पोरगी वाचायला लागली. गुडघा दुखतो, दाखवायचं का? जळकोटचं घर अजून स्वप्नात येतं. एकांकिका वाचली, शेवट आवडला नाही. इथं मला हसू आलं आणि पुढची ओळ दिसेनाशी झाली. एवढ्या पानांत एकाही ओळीवर काट नव्हती. मला लाज वाटली आणि भीतीही वाटली.

लेखक माणूस मोठा नालायक. डोळे पुसायच्या आधी मला ओळ सुचली: सात वर्षं एसटी स्टँडवर भेटलेलं जोडपं एका घरात राहायला येतं आणि बोलायचं विसरतं. दुसऱ्या दिवशी ती पाठवली तेव्हा दिग्दर्शकानं पहिल्यांदाच प्रश्न विचारला नाही. पण पाठवायच्या आधी, त्याच दुपारी, तिला विचारलं, हे सिनेमात घालू का?

"घाला," ती वही मिटत म्हणाली. "पण जगाला सांगायच्या आधी तुम्ही तर ऐका. आन् इथं न्हाई. घरात मला सांगता येत न्हाई."

दोघं चप्पल घालून निघालो आणि मिळेल ती गाडी धरली. अहमदपूरला बाक तिथंच होता, फक्त रंग नवा होता. तिनं पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. मी मधे बोललो नाही, एकदा तिच्या गुडघ्यावर हात ठेवला तेवढाच. ती सांगत होती आणि पेनानं काट मारत होती.

तिसरं पान चालू असताना जळकोटची गाडी लागली. जुन्या सवयीनं मी उठलो आणि तिच्यासाठी खिडकीची जागा बघायला निघालो.

"बसा," ती म्हणाली. "आता एकाच गाडीनं जायचंय."