आतून पट्टी लावलेलं दार

परब गेल्याचं मला इथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळलं. 'आपले लाइटवाले परबकाका गेले', एवढंच. खाली जोडलेल्या हातांची रांग, आणि रांगेच्या मधेच कुणीतरी विचारलेलं, कोजागिरीच्या मसाला दुधासाठी नावं कधीपर्यंत द्यायची... पस्तीसेक वर्षं बहारीनमध्ये काढलेल्या, एसी दुरुस्त करून पोट भरणाऱ्या आणि एक अख्खं नाटक लिहिलेल्या माणसाला आम्ही 'लाइटवाले' म्हणून निरोप दिला. महिना उलटून गेला, माझा राग काही जात नाही.

ते नाटक त्यांच्या स्वतःच्या खोलीतलं होतं. कुवेतच्या युद्धाच्या वेळी परब मनामात सूकच्या, म्हणजे जुन्या बाजाराच्या, मागे सात जणांच्या खोलीत राहत. विषारी गॅसची भीती होती. भोंगा वाजला की दाराखिडक्यांच्या फटींना चिकटपट्टी लावायची, उंबऱ्याशी ओलं फडकं कोंबायचं आणि पुन्हा भोंगा होईपर्यंत उघडायचं नाही, असं सगळ्यांना बजावलेलं. एका संध्याकाळी भोंगा झाला, सहा जणांनी पट्ट्या लावल्या, आणि ड्युटीवरून आलेला सातवा बाहेरून दार ठोठावू लागला. तो गावाकडे परबांच्या शेजारच्या वाडीतला. आतून कुणीही उठलं नाही, परबही नाहीत. गॅस वगैरे काही आला नाही. अर्ध्या तासाने दार उघडलं तेव्हा तो पायरीवर बसला होता. आत आला, हातपाय धुतले, जेवला. पुढे चार वर्षं त्याच खोलीत राहिला, पण त्या सहा जणांशी एक शब्द बोलला नाही.

हे नाटक घेऊन आम्ही शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, दुपारी हिंडायचो. कामगारांच्या कॅम्पांमधल्या मेस, बुदैयाकडच्या एका शेतावरची शेड... परबांच्या पिकअपमध्ये सामान, आणि वही घेऊन प्रॉम्प्टर मी. प्रेक्षक आत बसले की नट त्या मेसच्या खऱ्या दाराला आतून पट्ट्या लावत. सातवा स्वतः परब. ते बाहेर उन्हात उभे राहून दार ठोठावत. नटांनी उठायचं नाही, अशी सक्त ताकीद होती. पहिल्यांदा वही वाचून मी विचारलं, "काका, शेवट कुठाय?"

"तो माज्याकडे नाय गो बाय. बसलेल्यांकडे आसा."

आणि प्रत्येक कॅम्पात कुणीतरी उठलंच. एकदा कणकेच्या हातांनी मेसचा आचारी उठला. एकदा मराठीचा शब्दही न कळणारा एक बिहारी गवंडी. "अरे, आदमी बाहर खड़ा है," असं आमच्यावरच खेकसून त्याने टराटरा पट्ट्या ओढल्या. परब आत येत, तांब्याभर पाणी पीत, की नाटक खलास.

मग मंडळाने गणेशोत्सवासाठी निवड करायला म्हणून प्रयोग बघायचं ठरवलं. गारेगार हॉल, समोर कमिटीची अकरा माणसं. पट्ट्या लागल्या, परब बाहेरून ठोठावू लागले. कुणी उठेना. एकाने फोन काढला. एक बाई पदर सारखा करत हसल्या. परब ठोठावत राहिले... शेवटी अध्यक्ष बसल्या जागेवरून ओरडले, "परब, आलं लक्षात. यल्ला, आटपा आता." नटांनीच मग पट्ट्या काढल्या. निकाल असा, की मराठी माणूस मराठी माणसाला दार उघडत नाही हे सणासुदीला दाखवणं बरं नव्हे, मुलांवर काय संस्कार होतील? परब "बरा" म्हणाले, आणि त्या वर्षीच्या विनोदी नाटकाचे लाइट त्यांनी केले. त्यानंतर दर वर्षी केले.

शोकसभेत त्याच अध्यक्षांनी जाहीर केलं, की स्मृतिप्रीत्यर्थ आपण परबांचं नाटक करू. शेवट जरा पॉझिटिव्ह करू. सगळे मिळून दार उघडतात आणि समूहगीत. मग माझ्याकडे वळून, "सुनीताताई, वही तुमच्याकडेच आहे ना?"

"आहे. पण देणार नाही."

"अहो, त्यांच्यासाठीच करतोय."

"ते बाहेर उभे होते तेव्हा करायचं होतं."

तावातावाने बोलून मी खाली बसले. लोक नंतर म्हणाले, बरं सुनावलंत. पण खरी चीड कुणाची आहे ते माझं मला ठाऊक आहे. त्या दिवशी हॉलमध्ये मीही होते. उठायची बंदी नटांना होती, मला नव्हती. मांडीवर वही, दार सहा पावलांवर. आणि माझ्या मनात काय, तर होऊ दे यांची शोभा, कळू दे यांची लायकी. अकरा जणांची लाज काढण्याच्या नादात मी त्या माणसाला बाहेर उभं ठेवलं. परबांनी मला कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

त्यांच्या रूममेटने परवा त्यांचं चिकटपट्टीचं रीळ आणून दिलं. पुढच्याला टोक नखाने खरवडत बसायला लागू नये म्हणून परब ते नेहमी दुमडून ठेवत. आताही दुमडलेलंच आहे. मी ते ईसा टाउनच्या आमच्या घरी दाराजवळच्या खिळ्याला अडकवलंय. एसी बघायला ते यायचे तेव्हा बेल असूनही दारावर दोन थापा मारायचे, आणि त्या प्रयोगानंतर मी दुसऱ्या थापेच्या आत दार उघडायचे. "गो, श्वास तरी घी," म्हणून हसायचे.

अजूनही दार वाजलं की मी हातातलं टाकून धावते. लेक फोनमधून मान वर न करता म्हणते, "आई, व्हाय आर यू रनिंग? इट्स जस्ट द डिलिव्हरी."

असेल. मी आधी दार उघडते, कोण आहे ते मग बघते.