चार दिवे मंद करायचे होते

सेइके फुसाए शाळेच्या स्वयंपाकघरात एकतीस वर्षं होती. उवाजिमाच्या किनाऱ्यावरच्या त्या गावात तिच्या हातचं मिसो सूप न पिता मोठं झालेलं तिशीच्या आतलं माणूस सापडणं कठीण. एकदा पातेल्यातली कोंबडी आतपर्यंत शिजली की नाही हे मोजायचं राहिलं, म्हणून तिने चारशे मुलांना अर्धा तास ताटकळत ठेवलं होतं. मुख्याध्यापकांनी विनवण्या केल्या, तरी बाई झारा हातात धरून दारात उभी. मोजून झाल्यावरच ताटं गेली.

तिचा नवरा तोराओ मोत्यांच्या शेतीवरच्या बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा. त्रेसष्टाव्या वर्षी त्याला नागीण उठली, ती नेमकी कपाळावर आणि डोळ्यांत. दुखणं उतरलं, पण उजेड सोसेना. काळा चष्मा लावूनही स्वयंपाकघरात पाऊल टाकलं की तो कपाळ धरून भिंतीकडे वळायचा. छतात चार दिवे खोल बसवलेले, बटण एकच. लावले तर चारही लखलखणार, विझवले तर फुसाएला सुरी दिसत नाही. अंधारात कांद्याची पात चिरताना तिने दोनदा बोट कापून घेतलं. टेबलावर छोटा दिवा ठेवून पाहिला, तर त्याचा उजेड समोरून थेट डोळ्यांत घुसला.

मग तोराओ मागच्या खोलीत जेवायला लागला. पडदे ओढून, एकटा.

एका दुपारी ती ताट घेऊन गेली. तो बोटांनी चाचपून माशाचे काटे काढत होता.

"बसू का इथेच?" तिने विचारलं.

"अंधारात कशाला जेवतेस? जा, तुझं गार होईल."

फुसाए परत आली, टेबलाशी बसली आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहत राहिली. चौतीस वर्षं ही दोघं एका टेबलावर भांडत जेवली होती. ते जेवण तसंच टाकून ती उठली आणि बसने सामानाच्या मोठ्या दुकानात गेली. तिथल्या माणसाने तिला डिमर दाखवला. भिंतीतल्या बटणाच्या जागी बसतो, गोल कळ फिरवली की हवा तेवढाच उजेड. तिने तो तिथल्या तिथे विकत घेतला.

पण बसवणार कोण? त्या शरदात वादळाने अर्ध्या किनाऱ्याची छपरं उडवली होती. तिने सहा इलेक्ट्रिशियनना फोन केले. एकजण हसून म्हणाला, "आजी, एका बटणासाठी एवढ्या लांब कोण येणार?" दुसऱ्याने तारीख दिली आणि तो आलाच नाही. गावातले म्हातारे इलेक्ट्रिशियन ह्योदो-सान दुकान बंद करून बसलेले. त्यांनी दोन्ही हात पुढे केले. बोटं थरथरत होती.

"परवाना अजून आहे माझ्याकडे," ते म्हणाले, "हातच राहिले नाहीत."

नणंद सुमियो संत्री घेऊन आली होती, तिला हे सगळं हास्यास्पद वाटलं. "वहिनी, दोन स्क्रू काढायचे, दोन तारा ओढायच्या नि घालायच्या. कोण बघायला येतंय?"

"परवान्याशिवाय भिंतीतल्या तारेला हात लावायचा नाही. कायदा आहे."

"मग काढ परवाना!" सुमियो हसत सुटली.

फुसाए हसली नाही. दुसऱ्या दिवशी ती ह्योदो-सानच्या दारात उभी राहिली. "परीक्षेचं पुस्तक आहे का तुमच्याकडे?"

"माझं? बाई, त्या पुस्तकाला माझ्याएवढ्या सुरकुत्या पडल्यात. नवं आणा." मग तिच्याकडे नीट पाहून ते म्हणाले, "खरंच बसणार? वय काय तुमचं?"

"एकोणसाठ. त्याची अट आहे का?"

"नाही."

"मग झालं."

लेखी परीक्षा तिला फार जड गेली नाही. चारशे माणसांना किती तांदूळ लागतात हे तोंडी सांगणारी बाई, तिला कुठल्या तारेतून किती वीज जाते हे पाठ व्हायला वेळ लागला, पण झालं. खरी अवघड होती हाताची परीक्षा. तारांच्या जोडणीचे तेरा नकाशे आधी जाहीर होतात, त्यांतला एक त्या दिवशी समोर येतो. साध्या हत्यारांनी चाळीस मिनिटांत तो जोडून द्यायचा. एक चूक निघाली की नापास.

स्वयंपाकघराच्या टेबलावर तारांची भेंडोळी आली. तोराओ मागच्या खोलीतून कुरकुरायचा, "माझ्या डोळ्यांपायी तू शाळेत चाललीस, गाव हसतंय."

"हसू दे. त्यातले निम्मे माझं सूप पिऊन वाढलेत."

एकदा तिने जोडलेला नमुना ताटाबरोबर त्याच्या खोलीत गेला, चुकूनच. ती तो उचलायला लागली तर तोराओने हातात घेतला, डोळे मिटले आणि अंगठा फिरवला.

"ही तार जास्त सोललीस. तांबं बाहेर लागतंय बोटाला."

फुसाएने दिव्याखाली नेऊन पाहिलं. खरंच, दोन-तीन मिलिमीटर उघडं होतं. त्या दिवसापासून प्रत्येक नमुना मागच्या खोलीत जाऊ लागला. इंजिनाच्या पोटात न बघता हात घालून आयुष्य काढलेला माणूस तो. "हा स्क्रू ढिला." "इथे वरचं प्लास्टिक दाबलं गेलंय." आणि कधीमधी, नाइलाज झाल्यासारखं, "हं. हे बरं आहे."

उन्हाळ्यात ती मात्सुयामाला परीक्षेला गेली. हॉलमध्ये बहुतेक जण तिच्या निम्म्या वयाचे. हात चालले, वेळ जेमतेम पुरत होता. शेवटचा जोड राहिला. तारांची टोकं एकत्र करून त्यांवर तांब्याची बारकी नळी चढवायची आणि पकडीने दाबायची. दोन बारीक तारा असल्या तर पकडीची एक खाच, तीन असल्या तर दुसरी. तिने दाबलं आणि दाबतानाच कळलं, खाच चुकली. कापून पुन्हा करायला घेतलं तेवढ्यात घंटा झाली.

घरी आल्यावर तिने हत्यारांची पिशवी दारातच ठेवली. तोराओला न विचारताच कळलं.

"सोड आता, फुसाए. मला त्या खोलीची सवय झालीय."

"मला नाही झाली!"

इतक्या मोठ्याने ती त्याच्यावर कधी ओरडली नव्हती. तो आपल्या खोलीत गेला. थोड्या वेळाने खोलीतून आवाज आला, "कुठली खाच चुकली?"

लेखी पुन्हा द्यावी लागणार नव्हती, हाताचीच राहिली होती. ह्योदो-सान आता रोज दुपारी येऊन बसू लागले. हात पाठीमागे बांधून ते बघत आणि नेमकं नळी दाबायच्या वेळी विचारत, "काय हो बाई, आज जेवणात काय?" पहिल्यांदा ती दचकली आणि खाच चुकली. "परीक्षेत शेजारचा माणूस शिंकला तर काय करणार?" म्हातारा म्हणाला. महिन्याभराने ती त्यांना सबंध पाककृती सांगत बरोबर खाच दाबत होती.

हिवाळ्यात ती पास झाली. परवान्याचं कार्ड आलं तेव्हा सुमियोने ते उलटंसुलटं करून पाहिलं आणि म्हणाली, "फोटोत रागावलेली दिसतेस."

पुढच्या रविवारी सकाळी काम काढलं. ह्योदो-सान आणि सुमियो बघायला आले. फुसाएने मेन स्विच पाडला, टेस्टर लावून वीज नाही याची दोनदा खात्री केली आणि जुनं बटण काढलं. भिंतीतला डबा उघडला तर मागे वाळलेल्या गिलाव्याचा गोळा. डिमर जुन्या बटणापेक्षा जाड, तो आत जाईना.

"जोर लाव," सुमियो म्हणाली.

"जोर लावला तर तार चेंगरेल." फुसाएने छिन्नी घेतली आणि गुडघ्यांवर बसून तो गोळा कणाकणाने खरवडला. तासभर लागला. मग तारा बसवल्या, एकेक ओढून पाहिली, झाकण लावलं आणि मेन स्विच वर केला.

पडदे ओढले. तिने कळ फिरवली. चारही दिवे लुकलुकायला लागले.

मागच्या खोलीच्या दारात उभा असलेला तोराओ तोंडावर हात घेऊन मागे सरला. ह्योदो-सान मात्र मान वर करून शांतपणे म्हणाले, "जोडणी ठीक आहे. बल्ब कुणी आणले?"

सुमियोचा चेहरा उतरला. तिने वहिनीला भेट म्हणून चार नवे बल्ब आणून कालच बसवले होते. साधे, डिमरवर न चालणारे.

"मला काय माहीत बल्बालाही परीक्षा असते!" असं म्हणत तिने गाडीची किल्ली उचलली. तासाभराने ती योग्य बल्ब घेऊन आली, खोका फुसाएने स्वतः वाचला, मगच लावू दिले.

या वेळी उजेड लुकलुकला नाही. दरवाजातून तोराओ सांगत होता, "कमी कर. अजून. अजून थोडा. थांब!"

फुसाएचा हात तिथेच थांबला. स्वयंपाकघरात चहाच्या रंगाचा उजेड पसरला होता. तोराओ भिंत धरून आत आला, खुर्ची ओढून बसला. बऱ्याच वेळाने त्याने चष्मा काढला. डोळे पाणावलेले होते, पण मिटले नाहीत. त्याने टेबलावर हात फिरवला.

"या टेबलाला एवढे चरे कुणी पाडले?"

"मी."

"नवं घ्यायला लागणार."

"लागू दे," म्हणत फुसाएने भात वाढायला घेतला. ह्योदो-सान आणि सुमियो निघाले होते, त्यांनाही बसवून घेतलं. जेवणात तळलेले माशाचे वडे होते. तोराओने स्वतःच्या हाताने सोया सॉस ओतला आणि सुमियोच्या बल्बांवरून तिची यथेच्छ चेष्टा केली.

वसंतात ह्योदो-सानच्या दुकानाचं शटर आठवड्यातून दोन दिवस उघडायला लागलं. नाव त्यांचं, हात फुसाएचे. ज्यांना कुणी फोनवर 'एका बटणासाठी कोण येणार' म्हणतं, त्यांच्याकडे ती जाते. परवा डोंगरावरच्या संत्र्याच्या बागेतल्या एका म्हातारीने तिला दारातच विचारलं, "इलेक्ट्रिशियन कुठेय?"

"मेन स्विच दाखवा," फुसाए म्हणाली आणि बूट काढून आत गेली.