आधी जीभ दाखवा!

माणूस गेलं की घरात रडणं साठतं म्हणतात. आमच्या दुबईतल्या डिस्कव्हरी गार्डन्सच्या फ्लॅटमध्ये किस्से साठले! ताई गेल्या हिवाळ्यात गाडीच्या अपघातात गेली. भेटायला येणारा प्रत्येक जण सोफ्यावर बसायचा, डोळे पुसायचा आणि म्हणायचा, "तुझ्या ताईने माझं कोणतं दुखणं पकडलं होतं, सांगितलंय का तुला?" की झालं सुरू!

ताई बर दुबईतल्या एका क्लिनिकमध्ये डॉक्टर. मी तिचा धाकटा भाऊ. नववीनंतर पुस्तकाला हात लावला नाही, लाँड्रीची व्हॅन चालवतो. ताईची सवय एकच. बोलता बोलता समोरच्याची हनुवटी धरायची आणि म्हणायचं, "जीभ दाखव."

किस्से ऐकून सगळे हसायचे, मी सगळ्यात मोठ्याने. फक्त आई हसायची नाही. ती कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून राहायची. गॅस बंद करायला विसरायची, भिंत धरून चालायची. शेवटी नातेवाइकांनी ठरवलं, आईला चिपळूणला मामाकडे पाठवायचं. ताई गेली, आता आईपण जाणार! मी नाही म्हणायचो, पण माझं ऐकतो कोण?

*

दुबईतच ऊद मेथा भागात राहणारे जाधवकाका मोठे इंजिनिअर. त्यांच्या घरच्या गणपतीत आरती झाली, काका खाली बसले प्रसादाला. उठताना दोन्ही हात मांड्यांवर रेटून, "आई गं" करत उठले. ताई मोदक खाता खाता म्हणाली, "काका, ब्लड टेस्ट करा. व्हिटॅमिन डी कमी दिसतंय."

काका भडकले. "अगं, दुबईत राहतो मी! इथे उन्हाला तोटा आहे का?"

"शेवटचं ऊन अंगावर कधी घेतलंत?"

काका आठवायला लागले. घरात एसी. लिफ्टने खाली पार्किंग. गाडीत एसी. ऑफिसचं पार्किंगपण तळघरात. सुट्टीच्या दिवशी मॉल. "परवा... नाही, ते काचेतून होतं."

आणि रिपोर्ट? ताई म्हणाली तसाच! ताईने गोळ्या लिहून दिल्या आणि वर म्हणाली, "काका, सुट्टीच्या दिवशी मॉलबाहेर तुमची गाडी उन्हात उभी असते ना? तुमच्यापेक्षा तिला जास्त ऊन मिळतं!"

*

नासिर माझा व्हॅनमधला पार्टनर. गाव रत्नागिरी. त्याच्या हिरड्यांतून रक्त यायचं. पठ्ठ्याने ब्रश बदलला, टूथपेस्ट बदलली, दुकानदाराशी भांडला. खाणं काय? कडक चहा, पराठा, चिप्स. परत कडक चहा.

मी त्याला ओढत ताईकडे नेला. ताईने हिरड्या बघितल्या, पायांवरचे निळे डाग बघितले. "नासिर, शेवटचं फळ कधी खाल्लंस?"

नासिर विचारात पडला. "ताई, ज्यूस चालेल? म्हणजे, मँगो फ्लेवरचा होता."

"मँगोचा की फ्लेवरचा?"

"फ्लेवरचाच."

ताईने कपाळावर हात मारला. "अरे, रत्नागिरीचा माणूस तू! तुझा आजोबा आंब्याच्या झाडावरून हाका मारत असेल!"

टेस्ट झाली, व्हिटॅमिन सी तळाला. आता तो व्हॅनमध्ये संत्री सोलतो. सगळ्या शर्टांना वास येतो, पण गिऱ्हाईक खूश!

*

ताई कधी चुकली नाही असं नाही हं. आमच्याच बिल्डिंगमध्ये एका पोराचा वाढदिवस होता. पोराने खदाखदा हसत तोंड उघडलं, जीभ लालभडक! ताई केकची प्लेट ठेवून धावली. हनुवटी धरली, टॉर्च मारला. आईबाप घाबरून उभे.

पोरगं म्हणालं, "आंटी, इट्स जस्ट माय लॉलीपॉप."

सगळ्यात जास्त ताईच हसली.

*

मीना बझारचे मेहता शेठ. कपड्याचं दुकान. ताई साडी घ्यायला गेली, तर शेठ गुळगुळीत फरशीवर अनवाणी उभे. "शेठ, चप्पल कुठे?"

"पैर जलते हैं, डॉक्टर. मुंग्यापण येतात. परवा चप्पल पायातून निघाली, मला कळलंच नाही. छोड़िए, नई सिल्क दिखाऊँ?"

"सिल्क नंतर. आधी जीभ दाखवा."

शेठने भर दुकानात जीभ काढली. लाल आणि गुळगुळीत, जिभेवरचा खरखरीत काटा एकही दिसेना. ताई म्हणाली, "ही बघा तुमची सिल्क! व्हिटॅमिन बी-ट्वेल्व्ह कमी. यल्ला, चला, आजच टेस्ट."

मागची एक बाई पुढे झाली आणि तिनेही जीभ काढली. "डॉक्टर, माझीपण बघा ना." मग तिची नणंद. मग दुकानातला सेल्समन. शेठ ओरडले, "अरे, कोई साड़ी भी लेगा?"

*

आईचं तिकीट निघालं. जायच्या आधी देवळात जायचं म्हणाली, म्हणून बर दुबईला नेली. गल्लीतून चालताना आईची एक चप्पल मागे राहिली. आई तशीच पुढे चालत गेली. तिला कळलंच नाही!

मी चप्पल हातात घेऊन उभा. आणि एकदम माझ्या डोळ्यांपुढे अनवाणी मेहता शेठ आले.

"आई, जीभ दाखव."

"वेडा झालास का रे? देवाच्या दारात?"

"दाखव म्हणतो ना!" मी इतक्या जोरात ओरडलो की फुलवालापण वळला.

आईने घाबरून जीभ काढली. लाल. गुळगुळीत. सिल्क!

देवाला लांबूनच हात जोडले, आईला व्हॅनमध्ये इस्त्रीच्या कपड्यांपुढे बसवली आणि थेट ताईच्या क्लिनिकला. तिथल्या डॉक्टर ताईच्या मैत्रीण. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "अरे, एवढं मोठं दुःख झालंय. अशा वेळी माणूस असं वागतं."

"दुःखाने जीभ गुळगुळीत होते का, मॅडम?"

त्यांनी आईला जीभ काढायला लावली, टॉर्च मारला. मग उठल्या आणि स्वतः आईचं रक्त घेतलं.

बी-ट्वेल्व्ह अगदी तळाला! आई जन्माची शाकाहारी, त्यात कितीतरी वर्षं शुगरच्या गोळ्या. त्यानेपण कमी होतं म्हणे. इंजेक्शनं सुरू झाली. मी मामाला फोन केला, "तिकीट खलास! आई कुठे जात नाही."

काही आठवड्यांनी रविवारी सगळे परत जमले. जाधवकाका गाडीचा किस्सा सांगत होते, नासिर संत्री सोलत होता. स्वयंपाकघरातून आई चहाचा ट्रे घेऊन आली. दोन्ही हातांत ट्रे. भिंत नाही, काही नाही!

आईने ट्रे ठेवला. सरळ माझ्यासमोर आली, माझी हनुवटी धरली आणि चेहरा उजेडाकडे वळवला.

"किती उतरलायस रे. जेवतोस का नीट? जीभ दाखव."