कागदावरच्या रेघा

“जे चूप राह्यली ते गेली, बोलत राहजो,” वडनेरहून आलेल्या मुलीला तिचे बाबा दारातच बजावत होते. फिनेलचा वास आला की ती दवाखान्यातली खोली अजून आठवते. रिसेप्शनच्या नोकरीसाठी आम्हा सहाजणींचं ग्रुप डिस्कशन होतं, तेही इंग्रजीत. विषय होता, पेशंटचं ऐकून घेणं. कुणी बोललं की मुलाखत घेणाऱ्या मॅडम कागदावर तिच्या नावापुढे रेघ मारायच्या. ती मुलगी दोन शब्दांनंतर अडकली आणि आपापल्या रेघेसाठी चौघी एकदम बोलू लागल्या. ती पुन्हा पुन्हा तेच दोन शब्द म्हणत राहिली, पण कुणी ऐकेना. माझी ही पाचवी मुलाखत होती. आता घरी कुठल्या तोंडाने जायचं, हेच डोक्यात होतं आणि माझ्या नावापुढे एकही रेघ नव्हती. शेवटचं मिनिट उरलं तेव्हा कॉन्व्हेंटचं सगळं इंग्रजी विसरून मी ओरडले, “थांबा ना वं, तिले बोलू द्या!”