दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं

मी शाळेत भूगोल शिकवतो. निवृत्तीला दोन वर्षं उरली आहेत. एवढ्या सभ्य माणसाला ऐंशीच्या दशकातला एक परदेशी हेवी मेटल बँड जिवापाड आवडतो, हे आमच्या गल्लीत कुणाला खरं वाटत नाही. बँड असा की त्यांच्या स्वतःच्या गावातही त्यांना कुणी ओळखत नसणार. मी टेपरेकॉर्डर लावला की बायको आतून विचारते, "मिक्सरमध्ये चमचा पडला काय?" तिला दोष देत नाही. पहिल्यांदा ऐकताना मलाही तसंच वाटलं होतं.

कॉलेजात असताना मी आणि माझ्या जयसिंगपूरच्या मित्राने मिळून ही कॅसेट भरून घेतली. तेव्हा कोल्हापुरात कॅसेट भरून देणारी दुकानं होती. आपली आवड सांगायची, चार दिवसांनी कॅसेट न्यायची. आमच्या दुकानदाराने कव्हरवर बँडचं नाव लिहायचे कष्ट घेतले नाहीत. नुसतं लिहिलं, 'इंग्लिश, आदळआपट.'

कॅसेट एक आणि मालक दोन, म्हणून वाटणी ठरली. एक महिना माझ्याकडे, एक महिना त्याच्याकडे. पहिल्या रविवारी कॅसेट दुसऱ्याच्या हातात द्यायची आणि एकदा दोघांनी बसून ऐकायची. त्याचं घराणं जैन व्यापाऱ्यांचं, तो शेतीच्या पाइपांचं दुकान चालवतो. आमच्या भावकीत वीतभर बांधावरून कोर्टकचेरी झाली, पण या वाटणीत पस्तीस वर्षांत एकदाही वाद झाला नाही.

पहिल्या बाजूला त्यांचं त्यातल्या त्यात बरं चाललेलं गाणं आहे. ते आम्ही पाहुण्यारावळ्यांना ऐकवतो. खरा माल दुसऱ्या बाजूला. गाण्यांची नावं माहीत नव्हती, म्हणून आम्हीच बारसं केलं. पहिलं 'ट्रॅक्टर', कारण ते उसाच्या दोन ट्रॉल्या घेऊन चढ चढल्यासारखं सुरू होतं. दुसरं 'भांडण', त्यात दोन गिटारवाले एकमेकांना बोलूच देत नाहीत. आणि तिसरं 'रेडा'. रेड्यातला गायक बेंबीच्याही खालून गातो. सगळं संथ, जड, अंगावर येणारं. शिवाय दुसऱ्या कडव्याच्या तोंडाशी ड्रमवाला एक ठोका गिळतो. ही जागा मित्रानेच मला दाखवली. मी म्हटलं, हे आधी कधी जाणवलं नव्हतं. तो म्हणाला, "तू नीट ऐकलंच न्हाईस लगा. मुद्दाम सोडलाय ठोका. असलं सुचायला डोकं लागतंय." तेव्हापासून पंचवीस वर्षं मी त्या न वाजलेल्या ठोक्यावर जीव टाकत आलो. शाळेतल्या संगीताच्या बाईंनाही मी तो समजावून सांगितला आहे.

गेल्या वर्षी, महिना माझा असताना, रेडा टेपरेकॉर्डरमध्ये अडकला. अशा वेळी झाकण उघडून फीत हलक्या हाताने सोडवायची, मग पेन्सिलीने गुंडाळायची, हे मला कळतं. पण मी घाबरलो आणि ओढली. फीत तुटली. रविवार चार दिवसांवर होता आणि मित्र तापट. पाइप फूटभर कमी भरला म्हणून कंपनीच्या माणसाला त्याने दुकानाबाहेर काढलेलं मी पाहिलं आहे.

मी मुलीला शरण गेलो. पहिल्या बाजूच्या गाण्यातली मला येत होती तेवढी एक ओळ मी म्हणून दाखवली. तिने फोनवर शोधलं आणि चहा व्हायच्या आत अख्खा बँड हजर केला. "पप्पा, हे काय, सगळी गाणी आहेत की. कॅसेट टाकून द्या आता." मला वाटलं, सुटलो. गाणी तपासूनही पाहिली नाहीत, इतका मी खूश होतो.

रविवारी मित्र आला. मी ऐटीत सांगितलं की आता जमाना बदललाय, आजपासून फोनवर ऐकायचं, आणि दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं मोजून थेट रेडा लावला. गाणं सुरू झालं ते पळतच. गायकाचा आवाज बारीक, चिमटा काढल्यासारखा. दुसरं कडवं आलं आणि ड्रमवाल्याने सगळे ठोके इमानदारीत वाजवले. मित्र ऐकत राहिला.

"ह्यो रेडा न्हाय," तो म्हणाला. "ह्ये रेडकू हाय."

मुलीने गाणं सावकाश करून दाखवलं, तर त्याच बारीक आवाजात रेडकूच सावकाश ओरडायला लागलं. मग माझा धीर सुटला आणि मी तुटलेली कॅसेट त्याच्यापुढे ठेवली. आता दणका बसणार म्हणून मी मान खाली घातली. पण त्याने कॅसेट उचलून खिशात टाकली. एवढ्या तापट माणसाने आवाजही चढवला नाही, याचीच मला जास्त भीती वाटली. मग तो चप्पल घालत म्हणाला, "चल, त्या कॅसेटवाल्याकडं जाऊ."

त्या दुकानात आता मोबाइलची कव्हरं मिळतात. म्हातारा दुकानदार मागच्या खोलीत जुनी मशिनं जपून बसलेला असतो. त्याने आम्हाला ओळखलं नाही, कव्हरवरचं आपलं अक्षर मात्र लगेच ओळखलं. मी तक्रारीच्या सुरात विचारलं, की काका, मूळ गाणं पळतंय आणि तुमचं रांगतंय, हे कसं?

"मागच्या बाजूला गाणी कमी पडली असतील, पावणं," तो म्हणाला. "मग शेवटाला नुसती खरखर. गिऱ्हाइकाला अर्धी मोकळी कॅसेट द्यायची व्हय? वाजवायच्या मशिनीचा स्क्रू जरा ढिला करायचा. गाणी सावकाश चालत्यात, कॅसेट भरती. पंगतीला मानसं वाढली की रश्श्यात पानी वाढवतोच की आपन."

म्हणजे पस्तीस वर्षं आम्ही वाढवलेला रस्सा ओरपत होतो. एकाही गिऱ्हाइकाने तक्रार केली नव्हती, हे त्याने अभिमानाने सांगितलं.

मग त्याने चष्मा चढवला, फीत बाहेर काढली आणि बोटांवरून सरकवत थांबला. "हितं आधीच एक जोड हाय. माझाच हाय. कुनी आनलीती?"

मी मित्राकडे पाहिलं. तो मोबाइलच्या कव्हरांकडे पाहत होता, जणू त्याला जयसिंगपुरात ती घाऊक विकायची होती.

"माझ्याकडं तुटलीती," तो म्हणाला. "तवा तुझे वडील जाऊन आठ दिवस झालते. त्यात आनि ह्ये कुठं सांगू तुला?"

म्हणजे तो गिळलेला ठोका, ते डोकं, ती कल्पना, सगळं इथे कात्रीने झालं होतं. मला राग यायला हवा होता. पण वडील गेल्यावरचे ते महिने मला आठवले. शाळेतून आलो की दार लावून मी तेच गाणं ऐकत असे, आणि त्या एका जागेवर बरं वाटत असे. ती जागा हा माणूस गप्प राहून सांभाळत आला होता, आणि वर दर महिन्याला माझं व्याख्यानही ऐकत होता. मला एकदम भरून आलं. भर दुकानात मी चष्मा पुसत उभा राहिलो.

"पावणं, रडू नगासा, जोडतो की," म्हातारा म्हणाला. त्याने चुरगळलेली दोन बोटं फीत कापली, टोकं चिकटवली आणि कॅसेट आपल्याच मशीनमध्ये घातली.

रेडा सुरू झाला. तोच, संथ, बेंबीखालचा. मित्राची बोटं काउंटरवर ठेका धरून चालली होती. गिळलेला ठोका आला, आम्ही दोघांनी तो बरोबर गिळला. मग तिसऱ्या कडव्यात गायक अर्ध्या शब्दावरून एकदम पुढे उडाला आणि मित्राचं बोट हवेतच राहिलं. हा माझा जोड होता. मी तोंड उघडणार, तेवढ्यात तो म्हाताऱ्याला म्हणाला, "काका, मागं घ्या. आता ह्यो बी पाठ कराय लागनार."

तिसऱ्यांदा ऐकलं तेव्हा त्या नव्या जोडावर दोघांचीही बोटं एकदम थांबली.